कमरेएवढ्या बर्फात गाडी कोणती घ्यावी?

मथळा वाचून तुम्ही म्हणाल, लिहिणाऱ्याला उन्हाचा चटका बसला की काय! आपल्याकडे बर्फ दिसतो तो रसवंतीवर, आणि आभाळातून पडलाच तर गारांच्या रूपाने. त्या गारांचे नाव काढले तरी द्राक्षबागाईतदाराच्या पोटात गोळा येतो. मग कमरेएवढ्या बर्फात कोणती गाडी चालते, याच्याशी आपल्याला काय करायचे?

करायचे आहे ते असे. श्रावणात काळ्या रानात रुतलेला ट्रॅक्टर तुम्ही पाहिला आहे. कदाचित तो तुमचाच असेल. चाक जागच्या जागी फिरते, चिखल उडतो, गाडी खाली खाली जाते आणि बांधावर जमलेले चार शहाणे चार सल्ले देतात. पृथ्वीच्या पाठीवर असे मुलूख आहेत की जिथे शेतकऱ्याच्या घरासमोर वर्षातले चार-पाच महिने हीच अवस्था असते. फक्त चिखलाच्या जागी बर्फ. कॅनडाचा क्वेबेक प्रांत घ्या, स्वीडन-फिनलंडचा उत्तर भाग घ्या, जपानचे होक्काइडो बेट घ्या, नाहीतर आपल्याच देशातले लाहौल-स्पिती घ्या. तिथल्या माणसाला गाडी घेताना चूक परवडत नाही. ती चूक कशी टाळायची, हे त्याने फार मोठी किंमत देऊन शिकून घेतले आहे.

आता तुम्ही विचाराल, बर्फ पडल्यावर शेतात काम ते काय? पेरणी-कापणी नसते, खरे. पण गोठा असतो. गाई काही हिवाळ्यात दूध द्यायच्या थांबत नाहीत. दुधाचा टँकर ठरल्या दिवशी येतो आणि गोठ्यापासून मोठ्या रस्त्यापर्यंतची वाट मोकळी नसेल तर तो आल्यापावली परत जातो. गुरांना वैरण पोचवायची असते. क्वेबेकमधल्या बऱ्याच शेतकऱ्यांच्या मालकीचे शेताला लागून जंगल असते. त्यातली लाकूडतोड मुद्दाम हिवाळ्यात करतात, कारण एरवी दलदल असलेली जमीन तेव्हा गोठून कडक होते आणि ओंडके ओढता येतात. आणि मार्च-एप्रिलात मेपलच्या झाडांचा रस काढण्याचा हंगाम येतो. रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा बर्फ वितळेल इतके ऊन, असे दिवस आले की झाडातून रस ठिबकू लागतो. सुमारे चाळीस लिटर रस आटवावा तेव्हा एक लिटर काकवी हाती लागते. जगातली जवळजवळ सत्तर टक्के मेपलची काकवी एकटा क्वेबेक करतो. आपल्या गुऱ्हाळासारखाच हा हंगाम. पण झाडांच्या बुंध्याशी तेव्हाही मांडीएवढा बर्फ असतो. म्हणजे गाडी हवीच.

एका गॅरेजवाल्याची गोष्ट

क्वेबेकमध्ये व्हालकूर नावाचे गाव आहे. तिथे जोसेफ-आर्मां बोंबार्डिए नावाचा तरुण गॅरेज चालवीत असे. शेतकऱ्याचा मुलगा, यंत्राचा नाद लहानपणापासून. १९२२ साली, पंधरा वर्षांचा असताना, त्याने एका जुन्या फोर्ड मोटारीचे इंजिन घसरगाडीवर बसवले आणि मागे विमानासारखा पंखा लावून ती बर्फावर पळवली होती. बापाने ते यंत्र ताबडतोब मोडायला लावले असे सांगतात, आणि त्या फिरत्या पंख्याचा विचार केला तर बापाचे काही चुकले असे मला वाटत नाही!

पण पुढची गोष्ट हसण्याची नाही. त्या काळी हिवाळा लागला की खेड्यांतले मोटाररस्ते बंद होत. मोटारी ठोकळ्यांवर चढवून ठेवायच्या आणि वसंतापर्यंत घोड्याच्या घसरगाडीवर सगळा व्यवहार. १९३४ च्या हिवाळ्यात बोंबार्डिएच्या दोन वर्षांच्या मुलाच्या पोटात आतड्याचा विकार उसळला. इस्पितळ पन्नास किलोमीटरच्या आसपास, शेरब्रुक शहरात. रस्ते बर्फाखाली. घरच्या गॅरेजमध्ये बर्फावर चालणाऱ्या गाडीचे प्रयोग चाललेले, पण चालण्याजोगी एकही गाडी तयार नव्हती. मूल गेले.

माउलींनो, पावसाळ्यात नदीला पूर आला म्हणून बाळंतीण पलीकडे नेता आली नाही, अशी घटना तुमच्या गावाच्या आठवणीत असेल. त्या बापाला काय झाले असेल ते मी वेगळे सांगायला नको. त्याने प्रयोग सोडले नाहीत. दातेरी चाक आणि त्यावरून फिरणारा रबराचा पट्टा, अशी जोडणी त्याने सिद्ध केली आणि १९३७ साली तिचे पेटंट घेतले. पुढे चाकांऐवजी लाकडी पट्ट्या, मागे फिरता पट्टा आणि आत सात माणसे बसण्याची जागा, अशी त्याची गाडी निघाली. त्या गाड्यांतून डॉक्टर गेले, टपाल गेले, शाळेची मुले गेली.

आता यातली गंमत पाहा. १९४८ साली क्वेबेक सरकारने खेड्यांचे रस्तेही हिवाळ्यात साफ ठेवायचे ठरवले, आणि या गाड्यांची मागणी एकदम बसली. रस्ता झाला की रस्ता नसलेल्या जागेची गाडी कोण घेणार? मग त्याने रस्ते नसलेल्या दलदलीकडे आणि जंगलाकडे तोंड वळवले. १९५३ मध्ये दलदलीत चालणारा पट्ट्यांचा ट्रॅक्टर, आणि १९५९ मध्ये एक-दोन माणसांची ती छोटी बर्फगाडी, जी आज ‘स्की-डू’ या नावाने जगभर ओळखली जाते.

बळ नव्हे, आधार

माझ्या लहानपणी आमची बैलगाडी भुईमुगाच्या पोत्यांसकट ओढ्याकाठी आसापर्यंत रुतली होती. मी बैलांना आसूड मारायला धावलो, तेव्हा आमच्या आबांनी आसूड काढून घेतला. आधी पोती उतरवली, मग तुराट्यांचा भारा आणून चाकापुढे अंथरला. ‘बैलात बळ कमी नाही रे, चाकाखाली आधार नाही,’ एवढेच म्हणाले. बर्फातल्या गाडीचे शास्त्र याच्यापुढे फारसे जात नाही. फक्त ते आकड्यांत सांगता येते.

गाडीचे वजन किती, त्यापेक्षा ते किती जागेवर पसरले आहे हे पाहायचे. साठ किलोचा माणूस चालताना एका पायावर उभा असतो तेव्हा दर चौरस सेंटिमीटरला साधारण पाव ते अर्धा किलो भार पडतो. ताज्या बर्फात तेवढाही जास्त, म्हणून तो मांडीपर्यंत जातो. ट्रॅक्टरच्या टायरचा भार त्यातल्या हवेइतका धरावा. चौदा पौंड हवा म्हणजे चौरस सेंटिमीटरला जवळजवळ एक किलो. आणि बर्फगाडी? गाडी तीनशे किलोची, वर माणूस आणि सामान मिळून शंभर किलो. पण तो भार लांब-रुंद पट्ट्यावर आणि पुढच्या दोन सपाट घसरपट्ट्यांवर पसरलेला. हिशेब केला तर चौरस सेंटिमीटरला चाळीस-पन्नास ग्रॅम! म्हणून चारशे किलोचे धूड बर्फावर तरंगते, आणि वरचा साठ किलोचा माणूस खाली उतरला की कमरेपर्यंत आत जातो. तिथले जाणते लोक गाडीवर नेहमी जाळीचे रुंद बर्फजोडे बांधून ठेवतात ते यासाठीच. रानात गाडी बंद पडली आणि जोडे नसले, तर एक किलोमीटर चालणे हे दिवसभराचे काम होते, आणि थंडीत माणसाकडे दिवसभर वेळ नसतो.

तेव्हा गाडी घेण्यापूर्वी तिथला शेतकरी स्वतःला पहिला प्रश्न विचारतो तो ‘किती अश्वशक्ती?’ हा नव्हे. तो विचारतो, मला बर्फावरून जायचे आहे की बर्फ बाजूला सारून जायचे आहे? या दोन वाटा अगदी वेगळ्या आहेत आणि दोन्हींना चालेल अशी एकच गाडी शोधणारा माणूस पैसे घालवून बसतो.

सारायचे असेल तर

गोठा, अंगण, टँकरची वाट ही रोजची ठिकाणे. इथे बर्फ काढून टाकून कडक जमिनीवर चालणे हाच मार्ग, आणि त्याला ट्रॅक्टरच पाहिजे. ताजा बर्फ हलका. एक घनमीटर पन्नास ते शंभर किलो. पण तो बसला, वाऱ्याने दाबला गेला की तीनशे किलोंवर जातो. शंभर मीटर लांब, तीन मीटर रुंद वाटेवर अर्धा मीटर बर्फ आहे असे समजा. घनमीटरला दोनशे किलो धरले तरी तीस टन होतात. तीन ट्रक भरतील एवढे ओझे न्याहारीच्या आत हलवायचे, आणि वारा सुटला की संध्याकाळी पुन्हा.

पुढे लावलेले पाते बर्फ ढकलते. स्वस्त आणि सोपे. पण ढकललेला बर्फ कडेला साचतो, गोठून भिंत होते, आणि जानेवारीत नवा बर्फ ढकलायला जागा उरत नाही. म्हणून जाणता माणूस पहिल्याच बर्फाला वाटेच्या कितीतरी पलीकडे नेऊन टाकतो; नवखा माणूस ट्रॅक्टर जाण्यापुरती वाट करतो आणि नंतर पस्तावतो. जिथे बर्फ फार, तिथे पीटीओवर चालणारे बर्फ उडवणारे यंत्र लावतात. ते बर्फ कापून, पंख्याने लांब फेकते. मागे लावायचे घेतले तर दिवसभर मान मागे वळवून उलट्या दिशेने ट्रॅक्टर हाकावा लागतो. दुकानात ते लक्षात येत नाही, मान धरल्यावर येते.

याच यंत्राने दरवर्षी कितीतरी माणसांची बोटे जातात. ओला बर्फ तोंडाशी अडकतो, माणूस घाईत असतो, इंजिन बंद केले म्हणून हात घालतो. पण अडकलेल्या पात्यांत ताण शिल्लक असतो. अडसर निघाल्याबरोबर ती झटका देऊन फिरतात. काठीने काढावे, हात कधीही घालू नये. आपल्याकडच्या मळणीयंत्राला आणि कडबाकुट्टीला हे शब्दशः लागू आहे, हे मी सांगायला नको.

टायर रुंद घ्यावा की अरुंद, यावर तिकडेही कट्ट्यावर वाद होतात. खाली कडक जमीन असेल आणि बर्फ गुडघ्याच्या आतला असेल, तर अरुंद टायर बरा. तो बर्फ कापून तळाला पोचतो आणि पकड घेतो. वर लोखंडी साखळ्या चढवल्या म्हणजे बर्फात दातच बसतात. साखळ्या फक्त मागच्या चाकांना लावल्या तर ट्रॅक्टर पुढे जातो, पण वळत नाही. उतारावर हे फार वाईट. म्हणून चारही चाकांना. आणि चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीबद्दल एक गैरसमज तिकडेही आहे आणि इकडेही. चार चाकांची ओढ गाडी निघायला मदत करते, थांबायला करीत नाही. निसरड्यावर ब्रेक लावला की ती दोन चाकांच्या गाडीइतकीच घसरते, आणि जोरात गेलेली असते म्हणून जास्त लांब जाते.

जीपसारख्या गाडीला मर्यादा आहे ती तिच्या पोटाची. बर्फ गाडीच्या पोटापर्यंत आला की तो खाली दाबला जातो, गाडी त्याच्यावर बसते आणि चाके अधांतरी फिरू लागतात. मग इंजिन कितीही दांडगे असो. जमिनीपासून पोट किती उंच, हे टेपने मोजून मग आपल्या रानात किती बर्फ पडतो ते आठवावे. विक्रेता हा टेप आपणहून काढत नाही.

वरून जायचे असेल तर

मेपलची झाडी, ओंडक्यांचे जंगल, लांबची कुंपणे, अशा जागी पट्ट्याची गाडीच. पण बर्फगाड्यांतही जाती आहेत. हौसेच्या गाडीचा पट्टा अरुंद, वेग भयंकर, आणि मागे ओझे लावले की ती गरम होऊन बसते. कामाच्या गाडीचा पट्टा वीस ते चोवीस इंच रुंद आणि चांगला लांब असतो. तिला ओझ्यासाठी हळू चालीचा गिअर असतो, मागे जाण्याचा गिअर असतो आणि ओढण्याचा भक्कम आकडा असतो. पोराला पहिली आवडते, बापाला दुसरी. पैसे कोणाचे, त्यावर निकाल लागतो.

इंजिन थंड कसे होते तेही पाहावे लागते. पाण्याने थंड होणाऱ्या बहुतेक बर्फगाड्यांत ते पाणी पट्ट्याने उडवलेल्या बर्फाने गार होते. मऊ बर्फात उत्तम. पण गोठलेल्या तळ्यावरून किंवा कडक वाटेवरून जाताना उडायला बर्फच नसतो आणि भर थंडीत इंजिन तापते! सावकाश ओझे ओढणाऱ्याला पंख्याने गार होणारे साधे इंजिन सोयीचे पडते. मागची घसरगाडी दोराने बांधायची नाही, लोखंडी दांड्याने जोडायची. नाहीतर उतारावर पुढची गाडी थांबते आणि मागचे ओझे पाठीत येते.

चार चाकांच्या छोट्या रानगाडीची चाके काढून चार रबरी पट्टे बसवण्याची सोयही आता निघाली आहे. उन्हाळ्यात चाके, हिवाळ्यात पट्टे. ऐकायला गोड आहे. पण इंजिनवर भार वाढतो, सांधे लवकर झिजतात, आणि खूप मऊ, खोल बर्फात ती खऱ्या बर्फगाडीची बरोबरी करीत नाही.

या सगळ्याहून मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. जंगलातली वाट आदल्या दिवशी बर्फगाडीने, किंवा नुसते बर्फजोडे घालून, दाबून ठेवतात आणि रात्रभर तिला हात लावीत नाहीत. दाबलेल्या बर्फाचे कण रात्रीत एकमेकांना चिकटून वाट कडक होते. दुसऱ्या दिवशी तिच्यावरून ओंडक्यांचे ओझे जाते. घाईने त्याच संध्याकाळी गेलेला माणूस रुततो. आपण वाफशाची वाट पाहतो ना, तसेच हे! फरक इतकाच की आपण रान सुकण्याची वाट पाहतो आणि तो गोठण्याची.

घोड्याचेही नाव घेतले पाहिजे. मेपलच्या झाडीत रसाचे पिंप ओढणारा घोडा शिटीसरशी पुढच्या झाडापाशी जाऊन थांबत असे. उणे तीस अंशातही त्याला बॅटरी लागत नव्हती. आता रस प्लॅस्टिकच्या नळ्यांतून थेट भट्टीवर येतो, तरी हौसेने घोडा ठेवणारे आहेत.

थंडीची कुरबुर

थंडीत खोबरेल तेल गोठते हे घरोघरी माहीत आहे. डिझेलचेही तसेच. त्यातले मेण कडक थंडीत वेगळे होऊन गाळणीत अडकते आणि चांगला ट्रॅक्टर भल्या सकाळी मुका होतो. तिकडे हिवाळ्यासाठी वेगळे डिझेल मिळते. इंजिनला रात्रभर ऊब देणारा विजेचा हीटरही असतो; गाडीच्या नाकातून विजेची वायर लोंबताना दिसते ती त्याची. बॅटरीची ताकद उणे अठरा अंशाला जवळजवळ निम्मी होते, म्हणून ती मोठी घ्यावी लागते. आणि आपण पकड वाढावी म्हणून टायरमध्ये पाणी भरतो, तसे तेही भरतात. पण नुसते पाणी गोठेल, म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळतात. ते गळले तर रिम खाऊन टाकते.

गाडी आली, आणि रेनडिअर गेले

आता हिशेबाची दुसरी बाजू. फिनलंडच्या अगदी उत्तरेला सेवेत्तिजार्वी नावाची वस्ती आहे. तिथे स्कोल्ट सामी लोक राहतात. दुसऱ्या महायुद्धात त्यांचा मूळ मुलूख रशियाकडे गेला, तेव्हा त्यांना इथे आणून बसवले. रेनडिअर हे त्यांचे गुरे-ढोरे, आणि तेच ओढकामाचे जनावर. पेर्ट्टी पेल्टो नावाच्या अभ्यासकाने या वस्तीत राहून पाहणी केली आणि १९७३ साली त्यावर पुस्तक लिहिले.

१९६० चे दशक उजाडले आणि तिथे पहिली बर्फगाडी आली. दुकानाला जाऊन यायला रेनडिअरच्या घसरगाडीने दिवस मोडत, ते काम तासांवर आले. लाकूड, मासे, दवाखाना, सगळेच सोपे झाले. कोणाला नको असेल? १९७१ पर्यंत जवळजवळ घरटी गाडी झाली.

पण रेनडिअर स्वतः चरून घरचे काम करीत होता. गाडीला पेट्रोल लागले, सुटे भाग लागले, दोन-चार वर्षांत नवी गाडी लागली, आणि हे सगळे रोख पैशाने. रोख रक्कम कुठून आणायची? रेनडिअर विकून. शिकवलेली ओढकामाची जनावरे तर गाडी आल्याबरोबर निरुपयोगी ठरून कापली गेली. शिवाय गाडीच्या आवाजाने कळप बिथरू लागले. माणसाच्या हाताला सवकलेली जनावरे रानटी होत गेली. ज्यांच्याकडे मोठा कळप आणि चार पैसे होते, ज्यांची पोरे यंत्रात हुशार होती, ते तरले. लहान कळपवाले कर्ज फेडता फेडता धंद्याबाहेर पडले आणि मजुरी किंवा सरकारी मदतीकडे वळले.

म्हणजे गाडी वाईट होती असे नव्हे. आजारी माणसाला ती वेळेवर इस्पितळात पोचवत होती, ही काही लहान गोष्ट नाही. पण गाडी घेताना प्रत्येकाने किंमत विचारली, आणि वर्षाचा खर्च कोणीच विचारला नाही. आज चांगल्या कामाच्या बर्फगाडीची किंमत आपल्याकडच्या मध्यम ट्रॅक्टरइतकी किंवा त्याहूनही जास्त पडते, आणि ती काम करते वर्षातून चार महिने. क्वेबेकमधल्या लहान शेतकऱ्याला म्हणून शेजाऱ्याशी भागी करणे, किंवा बर्फ काढायला हंगामाचा ठेका देणे पुष्कळदा परवडते. घरी बसून वही काढा: हप्ता, इंधन, पट्टा, दुरुस्ती, आणि गाडी नसती तर मजुरी-भाड्याला काय गेले असते. घरधनीण ही वही पुरुषापेक्षा बरी लिहिते, असा माझा अनुभव आहे.

आपल्या मुलखाशी नाते

आपल्या हिमालयात शेतकरी हिवाळ्यात रानात गाडी घालतच नाही. झांस्करमध्ये वसंताच्या तोंडावर बर्फावर काळी माती पसरतात. काळी माती ऊन शोषते, बर्फ लवकर वितळतो आणि पेरणीला चार दिवस आधी रान मोकळे होते. गाडीशिवाय बर्फ हटवण्याची ही युक्ती मला फार शहाणपणाची वाटते. लाहौलच्या बटाटा-वाटाणा करणाऱ्या गावांची हिवाळ्यातली कोंडी फोडली ती गाडीने नव्हे, तर बोगद्याने. रोहतांगखालचा नऊ किलोमीटरचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झाला. मात्र सियाचीनसारख्या ठिकाणी आपले जवान बर्फगाड्या वापरतात. तुमच्या गावात तिकडून आलेला कोणी फौजी असेल, तर त्याला पारावर बसवून विचारा. माझ्या या लेखापेक्षा तो जास्त सांगेल.

आणि ट्रॅक्टरवाल्यांसाठी एक गंमत. फर्ग्युसन हे नाव आपल्याकडे मॅसी फर्ग्युसनमुळे पोरासोरांना ठाऊक आहे. त्याच फर्ग्युसनचे छोटे शेतीचे ट्रॅक्टर घेऊन एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोचले! इंजिन साधेच, तीस अश्वशक्तीच्याही आतले. मागच्या-पुढच्या चाकांवरून एकच लांब पट्टा चढवला आणि बर्फातल्या भेगांत पडू नयेत म्हणून ट्रॅक्टर एकमेकांना दोरांनी बांधले. बळ तेवढेच, आधार वाढवला.

बोंबार्डिएनेही १९४९ च्या सुमारास साध्या शेतीच्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर चढवायचा पट्टा काढला होता, तो चिखलासाठीच. भातखाचरात आपण लोखंडी केजव्हील लावतो त्याच्यामागे हाच विचार आहे.

शेवटी रुतलेल्या गाडीचे, कारण ते बर्फात आणि चिखलात सारखेच आहे. चाक फिरत राहिले की बर्फ वितळून चाकाखाली काच तयार होते, आणि चिखलात खड्डा. तेव्हा पहिल्या दोन फेऱ्यांतच रेस सोडा. ट्रॅक्टर चाकांना लाकडाचा ओंडका बांधून काढू नका. चाकाला फिरायला जागा उरली नाही की चाकाऐवजी ट्रॅक्टरच मागच्या आसाभोवती फिरतो, पुढचे तोंड वर उठते आणि डोळ्याची पापणी लवते न लवते तोच तो चालकावर उलटतो. दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढताना साखळी ओढणाऱ्याच्या खालच्या ओढदांड्यालाच अडकवा, वरच्या कशालाही नाही. साखळी तुटली तर तिचा फटका माणूस मारतो, म्हणून बघ्यांना बांधावरून हाकला. स्वीडनने १९५९ सालीच नव्या ट्रॅक्टरना उलटण्यापासून चालकाला वाचवणारी लोखंडी चौकट सक्तीची केली, आणि तिथले बळी फार कमी झाले. आपल्याकडे अजूनही कित्येक ट्रॅक्टरवर ती नसते, किंवा झाडाच्या फांद्या लागतात म्हणून काढून ठेवलेली असते. ती गोठ्यामागे पडली असेल तर या आठवड्यातच पुन्हा बसवून घ्या.

आणि बर्फात गाडी रुतून आत बसायची वेळ आली, तर तिथले बाप मुलांना एक गोष्ट आधी शिकवतात: इंजिन चालू ठेवण्यापूर्वी खाली उतरून धुराचे नळकांडे मोकळे आहे का ते पाहायचे. ते बर्फाने बुजले असेल तर धूर गाडीत शिरतो, आणि उबेत झोप लागलेला माणूस परत उठत नाही.